नोंद नाही, म्हणून घडलेच नाही?

'उतारवयात माणसाला मिरवण्याची हौस येते', असे उद्गार आमच्या एका स्नेह्यांनी परवा काढले. निमित्त होते आमच्या मामांच्या अर्जाचे. मामा आता ऐंशी वर्षांचे आहेत. १९६४ साली ते सैन्यात भरती झाले, १९७९ साली निवृत्तिवेतन घेऊन घरी आले, आणि आज इतक्या वर्षांनी, आपल्या सेवापत्रकात राहून गेलेली दोन पदके नोंदवून मिळावीत म्हणून पत्रव्यवहार करीत आहेत. स्नेह्यांचा हेतू वाईट नव्हता. म्हाताऱ्या जिवाने आता कशाला दगदग करावी, एवढाच त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. तथापि त्या बोलण्यात जो समज दडलेला आहे तो आम्हांस मान्य नाही, आणि तो आपल्या मंडळींत फार पसरलेला असल्यामुळे त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आरंभीच एक कबुली देतो. आम्ही उभी हयात राज्य सरकारच्या दप्तरात काढली. 'अभिलेखात नोंद आढळून येत नाही' हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. वारसाची नोंद राहिली, फेरफार राहिला, नावातले एक अक्षर चुकले, की समोरच्या शेतकऱ्याला हे वाक्य ऐकवायचे आणि फाइल बांधायची. वाक्य खरेच असते. नोंद नसतेच. लबाडी असते ती त्यानंतरच्या न लिहिलेल्या वाक्यात: नोंद नाही, सबब घडले नाही. खुर्चीवर बसून ही लबाडी आमच्या ध्यानात आली नाही. मामांच्या बाजूने टेबलाच्या पलीकडे बसलो तेव्हा ती दिसली.

बेळगावात राहणाऱ्याला सैन्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे १९२२ पासून आहे, आणि पंचक्रोशीतले एकही गाव असे नसेल की जेथून कोणी ना कोणी भरती झालेला नाही. (मामा मात्र पायदळात नव्हते. ते एका तांत्रिक दलात होते आणि त्यांचे अभिलेख कार्यालय दूर परप्रांतात आहे.) पण पदकांविषयी आपले अज्ञान मोठे आहे. पदक म्हटले की आपल्याला शौर्य आठवते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठा वीरांना इटलीच्या रणभूमीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. असे पदक राजपत्रात छापले जाते, सभेत वाचले जाते, ते गहाळ होऊ म्हटले तरी होत नाही. गहाळ होतात ती दुसऱ्या जातीची पदके. अमुक काळात, अमुक प्रदेशात, अमुक मोहिमेत जो हजर होता त्या प्रत्येकाला मिळणारी. तेथे कोणी शिफारस करावयाची नसते. हजेरी हीच पात्रता. १९४७ च्या सामान्य सेवा पदकावर 'जम्मू-काश्मीर', 'नागा हिल्स', 'गोवा १९६१', 'लडाख १९६२', 'नेफा १९६२' अशा पट्ट्या चढत. गोमंतकातील वाचकांनी ध्यानात घ्यावे की त्यांच्या मुक्तीसाठी आलेल्या जवानांच्या छातीवर त्या प्रसंगाची खूण म्हणून ही एवढीशी पट्टीच होती. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा तारा आणि रक्षा पदक निघाले. १९७१ साठी संग्राम पदक, आणि प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांना पूर्वेकडे पूर्वी तारा, पश्चिमेकडे पश्चिमी तारा.

मामांच्या सेवापत्रकात रक्षा पदक आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आहे, नऊ वर्षांच्या सेवेचे आहे. संग्राम पदक आणि पूर्वी तारा मात्र नाहीत. १९७१ च्या नोव्हेंबरापासून ते पूर्व सीमेवर होते.

हे कसे घडले? सैन्यात जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घटना, म्हणजे बढती, बदली, लग्न, मूल, पदक, त्याच्या पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये प्रसिद्ध व्हावी लागते. ती ऑर्डर अभिलेख कार्यालयात पोचली की तेथला कारकून ती त्याच्या 'शीट रोल'वर, म्हणजे सेवापत्रकावर उतरवतो. ऑर्डर निघाली नाही तर नोंद नाही. मामांना ऐन युद्धात कावीळ झाली. १३ डिसेंबर १९७१ रोजी त्यांना पूर्व सीमेवरील एका लष्करी इस्पितळात हलवले. तीन दिवसांनी युद्ध संपले. मामा बरे होऊन उठेतो त्यांची तुकडी हलली होती, आणि त्यांची बदली दुसरीकडे झाली होती. पदकांच्या याद्या पुढे झाल्या तेव्हा जुन्या तुकडीला वाटले की नवी पाठवील, नवीला वाटले की जुनीने पाठवले असेल. 'गोळी लागली असती तर बरे झाले असते, यादीत तरी आलो असतो', असे मामा हसत म्हणतात. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

मामांनी अर्ज केला. उत्तर आले की सेवापत्रकात सदर पदकांची नोंद नाही, आपणाजवळ पुरावा असल्यास सादर करावा. आम्ही मामांचे 'डिस्चार्ज बुक' मागून घेतले आणि दप्तरी माणसाच्या सवयीने पहिल्या पानापासून वाचून काढले. पदकांच्या पानावर तीन ओळी. पुढे आरोग्याच्या पानावर, फिक्या जांभळ्या शाईत, त्याच इस्पितळाचा शिक्का आणि तारीख १३ डिसेंबर १९७१. म्हणजे मामा युद्धाच्या वेळी पूर्वेला होते ही गोष्ट सैन्याच्याच एका कारकुनाने, सैन्याच्याच पुस्तकात, त्याच दिवशी लिहून ठेवली आहे. एक पान सांगते की हा माणूस तेथे होता, दुसरे पान त्याविषयी गप्प आहे. आणि कार्यालयाने गप्प पानाची साक्ष ग्राह्य धरली!

आमचा मुद्दा एवढाच आहे. पुरावा मागावा तो कोणाकडे? जी गोष्ट विशेषत्वे एकाच पक्षाला ठाऊक असू शकते ती शाबीत करण्याचा भार त्याच पक्षावर टाकावा, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. कोणती तुकडी कोणत्या दिवशी कोठे होती हे युद्धाच्या रोजनिशीत लिहिलेले असते. त्या तुकडीत कोण होते हे ऑर्डरींच्या बाडांत असते. ही सारी दप्तरे सरकारच्या कुलपात. जवानाच्या हाती काय? एक पत्र्याची ट्रंक आणि पुसट होत चाललेली आठवण. मोहिमेचे पदक हे हजेरीचे पदक आहे. आणि हजेरीपट ज्याच्याजवळ आहे तोच विद्यार्थ्याला विचारतो आहे की तू शाळेत होतास याचा दाखला आण!

यावर आमच्या जुन्या खात्यातील बंधूंचे एक ठरलेले उत्तर असते. खोटे दावे येतात, ढिलाई केली तर उद्या कोणीही छातीवर तारे लावून फिरेल. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु पदकाची प्रतिकृती लष्करी कपड्यांच्या दुकानांत उघड विकत मिळते, आणि सरकारकडून मूळ पदके वेळेवर मिळत नाहीत म्हणून पात्र जवानांनाही तीच विकत घेऊन लावावी लागत आली आहेत. मामांना मिरवायचेच असते तर तेही केव्हाच दुकानात गेले असते. त्यांच्या वयाला कोण हिशेब विचारणार होते? त्यांना धातू नको आहे, ओळ हवी आहे. धातूची नक्कल होते, सेवापत्रकावरच्या ओळीची होत नाही. म्हणून खोट्या दाव्यांची ज्याला खरी चिंता आहे त्याने तर नोंदी दुरुस्त करण्याचा आग्रह अधिकच धरावयास हवा. आणि लोभाचा संशय घेणाऱ्यांसाठी हेही सांगतो की शौर्यपदकांप्रमाणे मोहिमेच्या पदकांना भत्ता नसतो. मामांचा अर्ज मंजूर झाला तर त्यांच्या निवृत्तिवेतनात छदामाची भर पडणार नाही.

जेथे पैशाचा संबंध आहे तेथे तर प्रकरण अधिक गंभीर. शत्रूच्या कारवाईत झालेली जखम तशी म्हणून लिहिली गेली नाही, नुसतीच 'जखम' म्हणून लिहिली गेली, तर घावाचे पदक गेलेच, शिवाय युद्धातील जखमेबद्दलच्या वाढीव निवृत्तिवेतनाची वाटही बंद होते. एका शब्दाच्या आळसाची किंमत एखादे कुटुंब पिढीभर भरते.

निवृत्तिवेतन मिळण्याइतकी सेवा न करता जे सुटले त्यांची कथा आणखी वेगळी. सेनेच्या नियमांप्रमाणे अशा जवानांची सेवापत्रके पंचवीस वर्षांनी नष्ट करता येतात. मागे उरतो तो 'लाँग रोल', म्हणजे मोजक्या रकान्यांची एक ओळ. आधी कागद जाळावयाचा आणि मग त्याच कागदाची प्रत मागावयाची, याला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे.

अन्य देशांत काय करतात? अमेरिकेचे गोडवे गाण्याची आम्हांस हौस नाही. तथापि तेथे १९४६ च्या एका कायद्याने सैनिकी नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळे निर्माण केली. चूक ध्यानी आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण न्यायासाठी ती माफ करण्याचा अधिकारही त्याच मंडळांना दिला आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील अभिलेखागाराला आग लागून सैनिकांच्या एक कोटी साठ लाखांहून अधिक फाइली जळाल्या. तेव्हा 'कागद जळाले, आता इलाज नाही' असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. पगाराच्या पावत्या, तुकड्यांचे दैनिक अहवाल आणि इस्पितळांत दाखल झालेल्यांच्या याद्या यांवरून नोंदी पुन्हा उभ्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. इस्पितळांच्या याद्या! मामांच्या जांभळ्या शिक्क्याची ज्यांना तिकडे किंमत कळली असती ते कारकून आमच्याकडे नेमले गेले नाहीत, एवढेच.

तेथेही अन्याय झालेच आहेत. हेन्री जॉन्सन हा कृष्णवर्णीय सैनिक १९१८ साली फ्रान्समध्ये अनेक जखमा अंगावर घेऊन लढला. फ्रान्सने त्याचा गौरव केला, पण त्याच्या स्वतःच्या देशाने दिलेल्या सेवामुक्तीच्या कागदांत जखमांचा उल्लेखही नव्हता. १९२९ मध्ये तो निवर्तला. जखमेचे पदक त्याच्या नावे १९९६ साली झाले आणि त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक २०१५ साली. इंग्लंडनेही दुसऱ्या महायुद्धात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून रशियाला रसद पोचवणाऱ्या खलाशांसाठी आर्क्टिक स्टार काढला तो २०१३ मध्ये. उशीर लाजिरवाणाच, पण 'आता काय उपयोग' असे तेथे कोणी ठरवून टाकले नाही.

आणि आपण? सरकारला दोष देताना आपल्या घरांकडेही पाहू. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे होते. आमच्या माहितीच्या एका घरात त्याचे मुलीसाठी वाळे झाले. डिस्चार्ज बुक तर बहुधा दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील वाचकांना हे विशेष लागू आहे. ग्वाल्हेर लान्सर्स दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या, आणि ज्या दप्तराची मालकी बदलते त्यातले कागद आधी हरवतात हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या भागात १९५६ पूर्वी भरती झालेल्यांच्या कागदांवर मुंबई राज्य आहे आणि आज घर कर्नाटकात. तेव्हा जिल्हा सैनिक कार्यालयात पहिला अर्धा तास पत्त्याच्या खुलाशातच जातो. सीमाप्रश्नावर बोलण्याचे हे स्थळ नव्हे, म्हणून पुढे जातो.

आपल्या मंडळातर्फे दर वर्षी माजी सैनिकांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणे. त्या शालीखालच्या माणसाचे डिस्चार्ज बुक आपल्यापैकी एकाने तरी कधी उघडून पाहिले आहे काय? आमची सूचना अशी की पुढील सत्काराचा एक तास भाषणांतून काढून घ्यावा. निवृत्त कारकून, शिक्षक, बँकवाले आपल्यात भरपूर आहेत. त्यांनी टेबल मांडून बसावे, प्रत्येक पुस्तकाच्या सर्व पानांच्या छायाप्रती काढाव्यात, तारखा पदकांशी ताडून पाहाव्यात. सेवापत्रकाची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. तो अर्ज लिहून द्यावा. बरोबरचे जे जोडीदार हयात आहेत त्यांची प्रतिज्ञापत्रे आजच घ्यावीत, कारण या वयात उद्याचा भरवसा नसतो.

मामांचा तिसरा अर्ज आम्ही गेल्या महिन्यात स्वतः लिहिला. आरोग्याच्या पानाची छायाप्रत जोडली, शिक्क्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ केले. त्यांच्या तुकडीतला एक जोडीदार खानापूर तालुक्यात राहतो. त्याच्याकडे मामा एस. टी. ने गेले आणि प्रतिज्ञापत्रावर त्याची सही घेऊन आले. हात कापत असल्यामुळे सही दोनदा करावी लागली, म्हणून कार्यालयाने तीवर शंका घेऊ नये अशी एक टीपही आम्ही खाली जोडली आहे. पाकीट स्पीड पोस्टाने गेले. पोचपावती आली आहे, उत्तर अद्याप नाही.