नॉमिनी लावला म्हणजे झाले?



'ओटीपी सांगू नका, नॉमिनी लावा, बाकी चिंता नको' हे गेल्या अंकातील पत्र वाचले. दोन्ही सल्ले अर्धेच आहेत.

आमच्या दिघीत पेन्शनरांची घरे पुष्कळ. 'कार्डाची लिमिट वाढवतो' म्हणणारा भामटा आता ओटीपी मागेलच असे नाही. तो एपीके फाइल, म्हणजे अॅप बसवणारी फाइल, पाठवतो. ती मोबाइलवर बसली की बँकेचे मेसेज परस्पर त्याच्याकडे. तेव्हा फोन ठेवा आणि कार्डामागचा नंबर स्वतः फिरवा. पैसे गेलेच, तर मुलांना कसे सांगू म्हणून लाजत बसू नका. लगेच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात, चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतरचे नुकसान बँकेवर टाकले आहे.

आता नॉमिनी. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअर, म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक ठरत नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. म्हणून मृत्युपत्रही करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही (मी तरी करा म्हणेन). दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते आपल्याहून तरुण बघा. सोबत खात्यांची, कार्डांची यादी जोडा. पिन लिहू नका.

— एक वाचक, दिघी