पाहुणा आणि वॉरंट

१५ ऑगस्ट २०२५ रोजी व्लादिमीर पुतिन अलास्कातल्या अँकरेजच्या लष्करी तळावर उतरले, तेव्हा त्यांच्यासाठी लाल गालिचा अंथरलेला होता. डोनाल्ड ट्रम्प यांनी टाळ्या वाजवत स्वागत केलं आणि पाहुण्याला आपल्याच गाडीत बसवून नेलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने या पाहुण्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, त्याला अडीच वर्षं होत आली होती. अमेरिका त्या न्यायालयाची सदस्य नाही, तेव्हा कायद्याने तिचं काही चुकलं नाही. पण या दिवाळी अंकातला ‘युद्ध आणि न्याय’ हा विभाग जुळवताना ते छायाचित्र आमच्या टेबलावर होतं, आणि बैठकीत एकच प्रश्न फिरून फिरून येत होता: मग या कागदाचा उपयोग काय?

तालुक्याच्या कोर्टातून पकड वॉरंट निघतं, हवालदार गावात चक्कर मारतो आणि ‘आरोपी मिळून आला नाही’ असा शेरा लिहून कागद परत करतो. आरोपी त्याच दिवशी कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेला असतो. हेगच्या न्यायालयाकडे तर तो हवालदारही नाही. १९९८च्या रोम करारातून जन्मलेलं हे न्यायालय २००२पासून काम करतं. २०२५मध्ये त्याचे १२५ सदस्य देश होते, आणि बजावणी त्यांनीच आपापल्या पोलिसांकरवी करायची आहे. वॉरंटावर नाव आरोपीचं असतं, पण उत्तर द्यावं लागतं यजमानाला. त्यामुळे परिणाम झाला की नाही, हे मॉस्कोत किंवा जेरुसलेमात पाहण्यापेक्षा यजमानांच्या दारात पाहावं असं मला वाटतं.

सुदानचे ओमर अल-बशीर यांच्यावर ४ मार्च २००९ रोजी वॉरंट निघालं. सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षावरचं या न्यायालयाचं ते पहिलंच. त्याचा पहिला परिणाम वाईट झाला, हे स्पष्ट सांगायला हवं. वॉरंट जाहीर होताच बशीर यांनी १३ परदेशी मदतसंस्थांना देशाबाहेर काढलं. सुदानमधल्या ज्या दारफुर प्रांताच्या लोकांसाठी न्याय मागितला जात होता, त्यांच्याच छावण्यांतल्या अन्न-औषधांवर गदा आली. पुढे बशीर खुशाल फिरत राहिले. २०१०मध्ये ते चाडला गेले, मग केनियाला गेले. दोन्ही सदस्य देश. केनियात तर नव्या राज्यघटनेच्या समारंभाला त्यांना बोलावलं होतं!

जून २०१५मध्ये ते आफ्रिकन महासंघाच्या बैठकीसाठी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला आले. एका स्वयंसेवी कायदेसंस्थेने प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. बशीर यांना देश सोडू देऊ नका, असा अंतरिम आदेश रविवारी निघाला. सोमवारी सुनावणीत सरकारी वकील न्यायमूर्तींना सांगत होते की पाहुणे अजून इथेच आहेत. त्या वेळी वॉटरक्लूफच्या लष्करी तळावरून त्यांचं विमान उडालेलं होतं. जगभर हसं झालं. वॉरंट म्हणजे कागदाचा चिटोरा, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सरकारचं वागणं बेकायदेशीर ठरवलं. सरकार चिडलं, त्याने हेगमधून बाहेर पडण्याची नोटीस दिली. देशातल्याच न्यायालयाने तीही रद्द ठरवली, कारण संसदेला विचारलंच नव्हतं. मग २०२३ उजाडलं. ब्रिक्सची बैठक पुन्हा जोहान्सबर्गलाच होती आणि मार्चमध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघालेलं होतं; आरोप होता व्याप्त युक्रेनमधून मुलांना बेकायदा रशियात नेल्याचा. विरोधी पक्ष कोर्टात गेला. पुतिन यांना अटक करणं म्हणजे रशियाशी युद्ध पुकारण्यासारखं होईल, असं अध्यक्ष रामफोसांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलं. तरी या वेळी लष्करी तळावरून विमान उडवून देणं शक्य नव्हतं. निकाल डोक्यावर होता. जुलैमध्ये जाहीर झालं की पुतिन येणार नाहीत. ते पडद्यावर दिसले आणि परराष्ट्रमंत्री लावरोव प्रत्यक्ष आले. बशीर हातातून निसटले, पण त्या निसटण्यातूनच पुढच्या पाहुण्यासाठी दार बंद झालं. हे काम हेगने केलं नाही, प्रिटोरियाच्या न्यायाधीशांनी आणि खटला लावून धरणाऱ्या वकिलांनी केलं. दक्षिण आफ्रिकेत ते झालं, कारण तिथे सरकारला ‘नाही’ म्हणणारी न्यायालयं आहेत.

मंगोलियात ते झालं नाही. सप्टेंबर २०२४मध्ये पुतिन उलानबातरला गेले, मानवंदना घेऊन परतले. मंगोलियाही सदस्य आहे. पण त्याचं पेट्रोल-डिझेल जवळजवळ सगळं रशियातून येतं. दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये अडकलेल्या त्या देशाला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते.

युरोपबद्दल अडखळत नाही. पुतिन यांच्या वॉरंटाचं ज्यांनी तोंड भरून स्वागत केलं, त्यांच्यातल्या अनेकांना २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्यावर गाझातल्या युद्धावरून वॉरंट निघताच कायद्याचे बारकावे आठवले. फ्रान्सला नेतान्याहूंना अटकेपासून संरक्षण असल्याची शक्यता दिसू लागली, कारण इस्रायल सदस्य नाही. रशियाही सदस्य नाही, हे मात्र तेव्हा आठवलं नाही. अमेरिकेत बायडेन यांनी पहिलं वॉरंट योग्य म्हटलं होतं, दुसरं संतापजनक. हंगेरीने एप्रिल २०२५मध्ये नेतान्याहूंना बुडापेस्टला बोलावलं आणि त्याच मुहूर्तावर न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणा केली. ट्रम्प यांनी तर न्यायालयाच्या अभियोक्त्यांवर आणि न्यायाधीशांवरच निर्बंध लादले. तरीही सप्टेंबर २०२५अखेर न्यूयॉर्कला जाताना नेतान्याहूंच्या विमानाने फ्रान्स आणि स्पेनचं आकाश टाळून जिब्राल्टरमार्गे लांबचा रस्ता धरला, असं विमानांचा माग ठेवणाऱ्या नोंदी सांगतात. गाझातला एक बॉम्ब त्यामुळे कमी पडला का? नाही. युद्ध थांबवण्याची अपेक्षा वॉरंटाकडून करणंच चूक आहे.

आणि आपण? प्रिटोरियाच्या फजितीनंतर चारच महिन्यांनी बशीर दिल्लीला भारत-आफ्रिका शिखर परिषदेला आले, पंतप्रधानांना भेटले, सन्मानाने परत गेले. १९९८मध्ये रोमला आपण मतदानात तटस्थ राहिलो. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार, निषिद्ध शस्त्रांच्या यादीतून वगळलेली अण्वस्त्रं, हे आपले आक्षेप पोकळ नव्हते. सुदानचं प्रकरण हेगकडे पाठवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी तिघे स्वतः त्या न्यायालयाबाहेर आहेत, हा ढोंगीपणा दाखवून द्यायलाच हवा. पण सही केली नाही म्हणून मतही नोंदवायचं नाही, ही आपली सोय मला खटकते.

राहिला वेळेचा मुद्दा. लायबेरियाचे चार्ल्स टेलर जून २००३मध्ये शांतता चर्चेसाठी घानात असताना सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने त्यांच्यावरचं आरोपपत्र उघड केलं. घानाने त्यांना जाऊ दिलं. ऑगस्टमध्ये खुर्ची गेली, २००६मध्ये ते कॅमेरूनच्या सीमेवर सापडले आणि २०१२मध्ये त्यांना ५० वर्षांची शिक्षा झाली. युगोस्लाव्हियाचे मिलोसेविच यांच्यावर तिथल्या युद्धांसाठी नेमलेल्या वेगळ्या न्यायाधिकरणाने १९९९मध्ये आरोप ठेवला तेव्हा ते सत्तेवर होते. २००१मध्ये बेलग्रेडने त्यांना हेगला धाडलं ते मदत देणाऱ्या देशांच्या परिषदेच्या आदल्या दिवशी. बशीर यांची सत्ता २०१९मध्ये गेली, मायदेशी भ्रष्टाचारासाठी शिक्षाही झाली, पण हेगला त्यांना अजून कुणी पाठवलेलं नाही. खुर्ची गेली की वॉरंट आपोआप बजावलं जातं असंही नाही. खुर्चीवर नंतर बसणाऱ्याला त्यात फायदा दिसावा लागतो.

११ मार्च २०२५ रोजी मनिला विमानतळावर रॉड्रिगो दुतेर्ते पकडले गेले ते असंच. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत हजारोंचे बळी घेतल्याचा आरोप असलेले हे माजी अध्यक्ष हाँगकाँगहून परतत होते. अध्यक्ष मार्कोस वर्षभरापूर्वी हेगला सहकार्य करणार नाही म्हणत होते. मग दुतेर्तेंच्या मुलीशी, म्हणजे त्यांच्याच उपाध्यक्षांशी, त्यांचं फाटलं, आणि एका रात्रीत दुतेर्ते विमानात बसवले गेले. दोन महिन्यांनी हेगच्या कोठडीत असतानाच दावाओच्या मतदारांनी त्यांना प्रचंड मतांनी महापौर निवडलं. मारल्या गेलेल्यांच्या आया मात्र मार्चमधल्या पहिल्या सुनावणीच्या दिवशी पहिल्यांदा आरोपीला न्यायाधीशांसमोर, पडद्यावर का होईना, पाहू शकल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या.

या विभागातले लेखक याबाबत माझ्याशी सहमत नाहीत, आपसांतही नाहीत. आम्ही त्यांचे लेख तसेच छापले आहेत. कथा, कविता आणि व्यंगचित्रं नेहमीच्या जागी आहेत.