पहिल्या तीन महिन्यांतला लाल डाग



पेरणी, खत, फवारणी यांविषयी या पानावर नेहमीच बोलतो. आजचा विषय घरातला आहे. चारचौघांत तो काढत नाहीत, म्हणूनच लेकीसुनांना त्याची किंमत मोजावी लागते. दिवस गेले, घर आनंदले, आणि दुसऱ्याच महिन्यात सुनेच्या कपड्याला लाल डाग दिसला. ती कुणाला सांगत नाही. सांगितले, तर "काय उचललेस? काय खाल्लेस?" अशी उलटतपासणी सुरू होते. या लपवालपवीत दोन दिवस जातात आणि कधी तेच जिवावर बेततात.

मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. औषध सांगणार नाही. दवाखान्यात केव्हा जायचे, एवढे मात्र प्रत्येक घराला ठाऊक हवे.

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चार गरोदर बायकांतल्या एकीला थोडेफार रक्त दिसते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचे दिवस पुढे नीट जातात. गर्भ पिशवीत रुजताना, पाळीच्या तारखेच्या सुमारास एखादा डाग दिसू शकतो. पिशवीचे तोंड या काळात नाजूक असते. संबंधानंतर किंवा आतल्या जंतुसंसर्गानेही डाग पडतो. म्हणून डाग दिसला म्हणजे सारे संपले असे मुळीच नाही. पण तो साधा आहे की नाही, हे घरी बसून ओळखता येत नाही. डाग एकच असला तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तपासणी करून घ्यावी.

काही वेळा मात्र थांबायचेच नाही. ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची कळ येते. खांद्याच्या टोकाला दुखते. डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त थोडे असले तरी ही लक्षणे धोक्याची. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असेल, तर नळी फुटून पोटात रक्त साठते. बाहेर दिसतो फक्त डाग, आत मात्र बाई खचत असते. तसेच तासाला एक पॅड भिजू लागला, गाठी पडल्या, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला, तर रात्र असली तरी निघावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती मोफत येते.

आता दोषाबद्दल. सुरुवातीचे गर्भ पडतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा मूळ गर्भाच्या घडणीतच खोट राहिलेली असते. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्यालाही ७५ टक्के उगवण असली की पास करतात. न उगवलेल्या दाण्याबद्दल आपण पेरणाऱ्याला बोल लावत नाही. मग सुनेलाच का लावावा? घागर उचलली, दचकली, ग्रहणात सुरी धरली, याने गर्भ पडत नाही. नुसते अंथरुणावर पडून राहिल्याने पडणारा गर्भ थांबतो, असेही आढळलेले नाही.

म्हणून गरोदर बाईला वाटेल तसे राबवावे, असा अर्थ कुणी काढू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शेतकरी घरांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. ज्या बायका फार अंगमेहनत करत, त्यांची बाळे लहान भरली. ज्यांच्या जेवणात पालेभाजी आणि फळे वरचेवर असत, त्यांची बाळे भरली ती चांगली वजनाची. तेव्हा खुरपणीतली एक पात कमी आणि ताटात मेथीची जुडी जास्त, हा हिशेब घरच्यांनीच करायचा आहे.

गोठ्यातलीही एक गोष्ट सांगतो. गाय-म्हैस गाभडली, तर ते वासरू आणि वार गरोदर बाईने हाताळू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग जनावरापासून माणसाला होतो. दूध उकळूनच प्यावे. फवारणीच्या पंपापासूनही तिला लांब ठेवावे.

दवाखान्यात जाताना शेवटच्या पाळीची तारीख सांगावी. किती कपडे भिजले, हेही सांगावे. काही पडले असेल तर स्वच्छ डब्यात घेऊन जावे. सोनोग्राफीला घाबरू नये. गर्भ कुठे आहे आणि त्याचे ठोके चालू आहेत का, हे तीच सांगते. मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आवर्जून सांगावे, म्हणजे इंजेक्शन लागते का ते डॉक्टर ठरवतील. शेजारणीने दिलेली गोळी किंवा काढा घेऊ नये.

गावात आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुण्यात असाल, मार्केट यार्डात माल घेऊन आला असाल, तर स्टेशनजवळ ससून आणि मंगळवार पेठेत महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आहे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासणी, औषधे आणि बाळंतपण मोफत आहे.

आणि गर्भ गेलाच, तर त्या बाईला विश्रांती द्या, चार गोड शब्द द्या. बहुतेक जणींना पुढच्या खेपेला मूल होते. आज जेवणे झाली की हे पान घरात मोठ्याने वाचा. सुनेचा रक्तगट आणि आशाताईंचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. डाग दिसला तर तिने पहिल्याच तासाला सांगावे, असे सासूबाईंनी आपल्या तोंडाने तिला सांगावे.