पाच राजे आणि एक प्रश्न

मुलांसाठी काढलेल्या मालिका मोठ्यांनी पाहू नयेत, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. नातवंडे दूरचित्रवाणीसमोर बसली की आपण फार तर आवाज कमी करायला सांगतो. हा संकेत एकदा मोडून पाहावा, म्हणून या महिन्यात या सदरात ‘ओसामा सेंताई किंग-ओजर’ या जपानी मालिकेचा परिचय करून देत आहे. ‘ओसामा’ म्हणजे राजा आणि ‘सेंताई’ म्हणजे लढवय्यांचे पथक.

या प्रकाराचा उगम १९७५ सालच्या ‘गोरेंजर’ या मालिकेत आहे. चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांची ती निर्मिती. पाच रंगांचे पाच वीर, त्यांचे मुखवटे आणि दर आठवड्याला नवा राक्षस हा साचा तेव्हाच ठरला. १९९३ पासून अमेरिकेने अशाच मालिकांतील दृश्ये वापरून ‘पॉवर रेंजर्स’ काढले आणि त्या अवतारात हे वीर आपल्याही घरांत येऊन पोहोचले. प्रस्तुत मालिका या परंपरेतील ४७वी. मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात टीव्ही आसाही वाहिनीवर तिचे ५० भाग प्रक्षेपित झाले.

येथील पाचही वीर राजे आहेत, हे तिचे वेगळेपण. एकाचे राज्य यंत्रविद्येचे, दुसऱ्याचे शेतीचे. एक राणी स्वतः वैद्य आहे. हिमाच्छादित गोक्कान देशाची सत्ता रीता या न्यायाधीशाकडे असून कोणाचीही बाजू न घेणे हे तिचे व्रत आहे. शुगोदम राज्यात मात्र राजा राकुलेस प्रजेला राज्याचे साधन मानतो. अनाथाश्रमात वाढलेला गिरा त्याच्याविरुद्ध उभा राहतो आणि आपल्यामुळे इतरांवर राजद्रोहाचा ठपका येऊ नये म्हणून ‘मी दुष्ट राजा आहे’ असे स्वतःच जाहीर करतो. मुलांच्या खेळात खलनायक व्हायला कोणी तयार नसे, तेव्हा ती भूमिका हाच घेई. एवढ्या साध्या गोष्टीतून लेखक मिनातो ताकानो यांनी त्याचा स्वभाव उभा केला आहे.

पुढे राकुलेसचे क्रौर्य हेही सोंग होते, असे उघड होते. विश्वाच्या खऱ्या शत्रूचा नाश कसा करावा हे कळावे, म्हणून त्याने वर्षानुवर्षे त्याची चाकरी पत्करून स्वतःचे नाव काळे करून घेतलेले असते. एक भाऊ निरपराधांना वाचवण्यासाठी दुष्ट म्हणवून घेतो, दुसरा त्याच हेतूने खरोखर दुष्टपणे वागतो. दोघांचे मोल सारखेच मानायचे काय? हेतू शुद्ध होता एवढ्याने भोगलेल्यांचे दुःख पुसले जाते काय? माझ्या मते नाही. मालिकाही हे उत्तर घाईने देऊन मोकळी होत नाही, हे तिचे श्रेय. भूगर्भात राहणाऱ्या बुगनाराक या शत्रुजमातीशी अखेरीस समेट होतो. उभय वंशांच्या रक्ताचा जेरामी तिचा राजा होऊन हा समेट घडवून आणतो. शत्रूचा निःपात हाच शेवट मानणाऱ्या साच्यात ही गोष्ट लहान नव्हे.

दोषही आहेत. भव्य एलईडी पडद्यांवर संगणकीय देखावे उभे करून केलेले चित्रीकरण काही ठिकाणी डोळे दिपवते, काही ठिकाणी मात्र नगरे रिकामी, निर्जीव वाटतात. ज्या प्रजेसाठी हे सारे चालते, ती बहुधा गर्दी म्हणूनच दिसते. कथानकाची गुंतागुंत लहानग्यांना पेलणारी नाही. कीटकांच्या आकाराची यंत्रे जोडून होणारा महाकाय योद्धा वारंवार अवतरतो, तेव्हा खेळण्यांच्या बाजाराची सावलीही पडद्यावर स्पष्ट दिसते.

तरीही आठ-दहा वर्षांच्या मुलांसमवेत ही मालिका अवश्य पाहावी. भाग संपल्यावर कोणता राजा आवडला, हे त्यांना विचारावे, आणि का आवडला, हेही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा.