ताई, मला आत टाकतील का?

मागच्या शुक्रवारी आमच्या गँगचं डिनर होतं. सगळे हजर, फक्त एक मॅडम गायब. साडेनऊला उगवली, काखेत दोन फायली! तीन वर्षांपूर्वी ही एका चकाचक लॉ फर्ममध्ये होती. एसी, कॅब, कॉफी मशीन, सगळं. आता शिवाजीनगर कोर्टात लीगल एडच्या पॅनलवर आहे. क्लायंट म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, रिक्षावाले, सिक्युरिटी गार्ड. सगळे कर्जात गळ्यापर्यंत.

‘फी किती मिळते गं?’ कुणीतरी विचारलंच. तिने आकडा सांगितला नाही. तिचं स्वतःचं एज्युकेशन लोन अजून चालू आहे. फर्म सोडण्याआधी वर्षभराचे हप्ते बाजूला काढून ठेवले होते, तेवढा शहाणपणा केला म्हणून बरं.

काम अजिबात फिल्मी नाही. सावकाराने किंवा फायनान्सवाल्याने कोरे चेक सह्या करून घेतलेले असतात. हप्ता थकला की चेक बँकेत जातो, बाउन्स होतो आणि नोटीस येते. ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात. मावशी काय करतात? नोटीस देवाच्या फोटोमागे ठेवून देतात. मग समन्स, त्यालाही गेलं नाही की वॉरंट.

‘ताई, मला आत टाकतील का?’ हा प्रश्न तिला रोज ऐकावा लागतो. उत्तर सरळ नाही. नुसतं कर्ज फेडता आलं नाही म्हणून तुरुंग नाही. ऐपतच नसेल तर अटक करू नये, असं सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितलंय. पण चेक बाउन्स हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून ती आधी सावकाराचा परवाना विचारते. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हाच मुळात गुन्हा आहे. पुष्कळदा एवढ्यावरच समोरचा तडजोडीला येतो आणि प्रकरण लोकअदालतीत मिटतं.

आणि हे मलाही माहीत नव्हतं बरं का, १९८७ च्या कायद्याने कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. मावश्यांना हे कोण सांगणार? त्यांच्या हातचा चहा रोज पिणारे आपण?

तुमच्यापैकी कुणी एलएलबी असेल आणि डोक्यात किडा वळवळत असेल, तर पॅनलसाठी साधारण तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते.

स्टार्टर्स आले आणि तिचा मोबाइल वाजला. एका रिक्षावाल्याच्या घरी वसुलीवाल्याचा फोन आला होता. ‘दादा, घाबरू नका. संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितलंय. त्याचं नाव, नंबर आणि वेळ लिहून ठेवा. उद्या अकराला कोर्टात या, पासबुक घेऊन.’

फोन ठेवला तोवर कबाब गार झाले होते. तिने तसेच खाल्ले.