क्लबहाउस आहे, फूटपाथ नाही

गेल्या शनिवारी साताऱ्याहून बाबा आले. आमचं नवीन घर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. दहावा मजला, पुण्याच्या कडेला. मी हौसेने सगळं फिरवून दाखवलं. जिम, क्लबहाउस, निळाशार स्विमिंग पूल. बाबा म्हणाले, "छान आहे रे. कोथिंबीर कुठे मिळते?"

"ॲपवरून मागवू ना. दहा मिनिटांत येते."

"मागवतोस कशाला? मीच आणतो जाऊन."

बोंबला! गेटबाहेर फूटपाथच नाही. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूने रॉंग साइडने येणारा पाण्याचा टँकर. (तोही आमच्याच सोसायटीत चाललेला.) बाबा पाच मिनिटं गेटशी उभे राहिले आणि परत आले. कोथिंबीर ॲपवरूनच आली.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

मंडळी, 'ॲमेनिटीज' या शब्दाने आपल्याला जबरदस्त गंडवलंय. पूल ही ॲमेनिटी, पण पुलात ओतायचं पाणी टँकरचं! पुण्यात ११ गावं २०१७ मध्ये आणि २३ गावं २०२१ मध्ये पालिकेत आली. अशा भागांत पालिकेचं पाणी पोचेपर्यंत आम्ही सोय करू, असं बिल्डरचं हमीपत्र असतं. पुढे बिल्डर सोसायटी आपल्या गळ्यात घालून मोकळा होतो आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. ब्रोशरमध्ये हे पान नसतं.

रेरा कायदा आल्यापासून आपण कार्पेट एरिया इंचाइंचाने मोजतो. चांगलंच आहे. पण गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता मोजलाय कोणी? मी तरी नव्हता मोजला.

"आम्ही टॅक्स भरतो, बाकीचं त्यांनी बघावं," हे आपलं ठरलेलं उत्तर. पार्लंसुद्धा एके काळी मुंबईच्या हद्दीबाहेरचं उपनगर होतं. तिथल्या लोकांनी १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय काढलं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा केला. आपल्यासारखी पॅकेजेस नव्हती त्यांच्याकडे. पण शाळा, वाचनालय, सभागृह या गोष्टी सगळ्या गावासाठी लागतात, एवढं त्यांना कळत होतं.

आणि आपण? मार्च २०२२ मध्ये पुणे पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याबद्दल एक ओळ आली नाही. पुलाच्या वेळांवरून मात्र रात्री दीड वाजेपर्यंत हाणामारी! गेटच्या आतलं आपलं, बाहेरचं कोणाचंच नाही. जिथे पैसेवाले लोक रस्त्यावर चालतच नाहीत, तिथे फूटपाथ होणार तरी कोणाच्या ओरडण्याने? इस्त्रीवाला आणि कामाच्या मावशी रोज त्याच गटाराकडेने जीव मुठीत धरून येतात. आपण कारच्या काचेतून बघतो.

तेव्हा घर बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. आधी आईवडिलांचा हात धरून गेटपासून बसस्टॉपपर्यंत चालत जा. धड पोचलात, तर पुढचं बोला.

आणि माझ्यासारखं आधीच घेऊन बसला असाल, तर अर्ज लिहा. मी फूटपाथसाठी लिहिलाय, सोसायटीत सह्या गोळा करतोय. आतापर्यंत चार झाल्यात. पाचवी बाबा द्यायला तयार होते, पण ते पडले साताऱ्याचे मतदार!