जुनी चीज, जशीच्या तशी

गाण्याच्या मास्तराने व्हिडिओ गेमवर लिहावे हे आपल्या मंडळींना जरा चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्याकडे शिकायला येणारी तरुण मुले तंबोरे जुळेपर्यंत ज्या एका खेळाविषयी बोलत असतात, त्याची सारी हकीकत मी त्यांच्याकडून समजून घेतली, तेव्हा हा वाद आपल्याच घरातला आहे असे मला वाटले. जुनी वस्तू पुन्हा विकायला काढावी काय, आणि काढली तर कशी द्यावी, असा तो वाद आहे.

खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये काढला. हजारो माणसे आपापल्या घरी संगणकापुढे बसून एकाच काल्पनिक मुलखात वावरतात, टोळ्या करतात, राक्षस मारतात, देवघेव करतात, आणि त्यासाठी दरमहा वर्गणी भरतात. २०१० साली वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने ‘कॅटॅक्लिझम’ नावाची नवी भर घातली आणि तिच्यासाठी जुना मुलूखच मोडून नव्याने बांधला. कोरडी दरी पाण्याखाली गेली, गावे उद्ध्वस्त झाली. पुस्तकाची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत आपल्या कपाटात राहते. येथे तशी सोय नाही. मुलूख असतो कंपनीच्या यंत्रांवर. तेथे तो बदलला की ग्राहकाजवळ काही उरत नाही.

मग काही हौशी लोकांनी जुना खेळ स्वतःच्या यंत्रांवर उभा केला. फ्रान्समधल्या अशा एका मंडळीने २०१५ च्या फेब्रुवारीत ‘नोस्टॅल्रियस’ नावाने तो फुकट खुला केला. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे तेथे ८ लाख खाती होती आणि दीड लाख माणसे नियमाने खेळत. कंपनीच्या वकिलांचे पत्र आले आणि १० एप्रिल २०१६ रोजी तो बंद झाला. कायदा कंपनीच्या बाजूने होता, याबद्दल माझा वाद नाही. परंतु ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही असे मालक म्हणत होता, तिच्याभोवती एवढी माणसे जमा झाली होती. २०१३ च्या कंपनीच्या मेळाव्यात एकाने जुना खेळ परत द्याल काय असे विचारले, तेव्हा जे. ॲलन ब्रॅक या निर्मात्याने, तुम्हाला तो हवासा वाटतो एवढेच, प्रत्यक्षात नको आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. पुढे अडीच लाखांवर सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला, नोस्टॅल्रियसच्या मंडळींना तिने चर्चेला बोलावले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जुना खेळ परत आणण्याची घोषणा झाली ती याच ब्रॅकसाहेबांच्या तोंडून. मला यात त्यांची फजिती दिसत नाही. लोकांना काय हवे ते आपल्यालाच कळते हा भ्रम आपल्याकडच्या मैफलींच्या आयोजकांतही काही कमी नाही. चारचौघांत तो सोडणारे मात्र थोडे.

पण ज्यांनी ती चीज पडत्या काळात गात ठेवली, त्यांचे ऋण कंपनीने याहून मोकळेपणाने मानायला हवे होते. घराण्यातल्या चिजा बाहेर जाऊ नयेत म्हणून जपणारे उस्ताद होते, आणि त्या ऐकून, लिहून घेऊन छापणारे पंडित भातखंडेही होते. १९१६ साली ज्या बडोद्यात त्यांची संगीत परिषद भरली, तेथल्या लोकांना या दोन्ही बाजू निराळ्या सांगायला नकोत.

२६ ऑगस्ट २०१९ रोजी ‘क्लासिक’ या नावाने जुना खेळ पुन्हा सुरू झाला. आधार धरला तो ऑगस्ट २००६ मधल्या १.१२ या आवृत्तीचा. तिची मूळ माहिती कंपनीच्या दप्तरात सापडली. पण जुने यंत्र तसेच चालवायचे तर जुने सगळे बिघाडही पदरात येणार; म्हणून ती माहिती नव्या यंत्रणेकडून वाचवून घेतली. तबकडी जुनी, ग्रामोफोन नवा, असा हा प्रकार, आणि तो मला मान्य आहे. वेगळी किंमतही लावली नाही. महिन्याच्या १५ डॉलरच्या वर्गणीतच दोन्ही खेळ.

मला सर्वांत आवडली ती एक यादी. चाचणीच्या वेळी खेळणाऱ्यांनी चुका दाखवायला सुरुवात केली. भ्यायलेला शत्रू फार वेगाने पळतो. टॉरेन नावाच्या बैलमुखी जमातीचा हात इतरांपेक्षा लांब पोहोचतो. मारलेले श्वापद पुन्हा उगवायला फार वेळ लागतो. कामगिरीची जागा नकाशावर दिसत नाही. मे २०१९ मध्ये कंपनीने या तक्रारींची यादीच छापली आणि कळवले की या चुका नाहीत. मूळ खेळ असाच होता. वा! माझे वडील दरबारात गाणारे. संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते आणि मी त्यांना उतारवयात झालो. त्यांच्या बाडात एका चिजेत असा एक शब्द आहे की ज्याचा अर्थ लागत नाही. दरवर्षी कोणीतरी हुशार विद्यार्थी तो दुरुस्त करून आणतो. दुरुस्ती बहुधा चांगली असते. मी शिकवतो तो मात्र बाडातला शब्द, कारण समेवर येण्याचा वळसा त्या अर्थहीन अक्षरांवरच बेतलेला आहे. फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्या नव्याने काढताना खरखर फार घासून पुसली, तर तंबोऱ्याची झार आणि आवाजाचा दाणाही तिच्याबरोबर निघून जातो.

वस्तू अशी जशीच्या तशी दिली तरी ऐकणारा कोठून आणायचा? या खेळात रॅग्नरॉस नावाचा एक अग्निराक्षस आहे. त्याला मारायला ४० जणांची टोळी लागते. २००४ मध्ये खेळ निघाला तेव्हा तो प्रथम पडायला पाच महिने लागले. २०१९ मध्ये तो आठवड्याच्या आत पडला. राक्षस बदलला नव्हता. पंधरा वर्षांत माणसांनी त्याची प्रत्येक खोड लिहून ठेवली होती. यावरून ‘पाहा, जुने ते परत येत नाहीच’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. दरबार हॉलमधली ती रात्र परत येणार नाही म्हणून कोणी राग गाण्याचे थांबवत नाही. आणि नव्याने आलेल्या कित्येकांनी तो राक्षस आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, त्यांचे काय?

माझा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. २०२१ मध्ये कंपनीने या खेळाची २००७ मधली पहिली भरही अशीच पुन्हा आणली. तेव्हा ४० डॉलर घेऊन नवख्याला एकदम ५८ व्या पायरीवर चढवण्याची सोय विकायला ठेवली. आपले जुने पात्र मूळ खेळातही राहावे आणि नव्यातही, यासाठी ३५ डॉलर सांगितले. ओरड झाली तेव्हा ते १५ वर आणले. जुन्या खेळाची सारी रंगत हळू चालण्यात. दहा पायऱ्या चढायला रात्री घालवायच्या, वाटेत अनोळखी सोबती मिळवायचे. ते वगळून विकणे म्हणजे पहिली चार वर्षे खर्जाची मेहनत न करता तानपलटे शिकवण्याची शिकवणी. अशा शिकवण्या आमच्या गल्लीतही चालतात, आणि माझ्यापेक्षा बऱ्या चालतात, हे कबूल.

मूळ २००६ च्या आवृत्तीसाठी कंपनीने वेगळे सर्व्हर कायम ठेवले, ही गोष्ट तिच्या जमेला धरली पाहिजे. त्यापुढच्या आवृत्त्यांना तो मान मिळाला नाही. २००८ मधली ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ ही भर २०२२ मध्ये परत आली, पुष्कळांनी तीत घर केले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिच्या जागी ‘कॅटॅक्लिझम’ जुना खेळ म्हणून बसवण्यात आला. ज्या पुराने जुना मुलूख बुडवला, तोच पूर जुनी ठेव म्हणून दुसऱ्यांदा आणला, आणि रॅथमध्येच राहू इच्छिणाऱ्यांना एकही सर्व्हर ठेवला नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने त्या आठवड्यात रियाजाला रजा मागितली; त्याला ती कोरडी दरी पाणी भरण्याआधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून जायचे होते. मी रजा दिली.